कम्युनिटी कोणती हो?

९ नोव्हेंबर २००९

ऑफिसातल्या साहेबाने, डगने, आज नवं काम गळ्यात मारलं. पाणीपुरवठ्याचे नियम पुन्हा छापायचेत, शेवटी शब्दांच्या व्याख्या जोडायच्या. ‘सी’ने सुरू होणारे सगळे शब्द माझ्याकडे. क्लोरीन, कंटॅमिनंट, कम्युनिटी. पहिले दोन जेवणाच्या सुट्टीआधीच झाले. तिसरा डोकं खातोय. इंजिनिअर माणसाला क्लोरीन सोपा.

घरी येताना पत्रपेटीशी थांबले. रस्त्याच्या टोकाला सगळ्या घरांची मिळून एकच पेटी, तिलाही कम्युनिटी मेलबॉक्स म्हणतात. कुलूप गोठलेलं. बराच वेळ फुंकर मारून उघडलं तर आत पिझ्झाची जाहिरात.

१५ नोव्हें.

ग्रोसरीत रेवाला ओरडत होते. (माझी लेक, वय पंधरा, सध्या जगावर नाराज.) ते ऐकून फ्रोझन भेंडीपलीकडून आवाज आला, “अय्या, तुम्ही मराठी?” गौरी. पुण्याची, तिशीच्या आतली. नवरा निखिल सॉफ्टवेअरमध्ये. उन्हाळ्यात इथे कॅनडात, रेजिनाला आले. सातवा महिना चालू. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती येऊ शकत नाही. सासूबाईंचा व्हिसा अडकलाय. भेंडी पिशवीत पडेपर्यंत एवढं सगळं कळलं. डोळे भरून आले होते पोरीचे. पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं. रेवा गाडीत म्हणाली, “मॉम, यू डोन्ट इव्हन नो हर.” म्हटलं, म्हणून तर बोलावलं.

२२ नोव्हें.

गौरी-निखिल येऊन गेले. मी वांग्याची भाजी केली आणि विनोदने मटण. नवऱ्याला नागपुरी मटण करायला निमित्तच लागतं. तिखटाने निखिलचे कान लाल झाले, तरी दोनदा घेतलं.

बैठकीतली बुद्धाची मूर्ती गौरीला फार आवडली. “कुठल्या दुकानातून घेतली, ताई? आम्हीपण असाच चेहरा शोधतोय, वॉशरूमच्या शेल्फवर ठेवायला.”

तिची चूक नाही. इथल्या प्रत्येक फर्निचरच्या दुकानात बुद्ध मिळतो, मेणबत्त्या आणि टॉवेलांच्या मधोमध. मी एवढंच म्हटलं, “वॉशरूममध्ये नको ठेवूस.” विनोद स्वयंपाकघरात जाऊन हसला. नंतर मात्र एकच पातेलं घासत राहिला.

५ डिसें.

उणे अठ्ठावीस. इंजिन गोठू नये म्हणून रात्री गाडीला विजेचा प्लग लावायचा असतो, तो विसरले, सकाळी गाडी मेलेली. गौरीला तपासणीला मीच नेणार होते, टॅक्सीने गेलो. वाटेत ती देवीच्या नवसाचं काहीतरी सांगत होती, तुमच्याकडे कुठली कुलदेवता विचारलं. सांगितलं, आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली.

“हो का?” मग थोड्या वेळाने, “मग नॉनव्हेज कसं काय?”

हसू आलं. तिलाही आलं. उतरताना माझा दंड धरून म्हणाली, “आम्हाला ना ताई, असल्या गोष्टींनी काहीच फरक पडत नाही.” बर्फावर घसरू नये म्हणून धरला होता, पण धरला होता घट्ट.

१९ डिसें.

निखिल आज एकटाच आला, मिठाईचा डबा घेऊन. हातातल्या टोपीशी चाळा करत उभाच. “ताई, मला बहीण नाही. चुलतबहीण आहे, ती पुण्यात. तर आम्ही दोघांनी ठरवलंय, बाळाची आत्या तुम्ही. बारशाला नाव तुम्हीच ठेवायचं. कुर्र तुम्हीच करायचं.”

मला तीन भाऊ. दोन भाच्यांच्या वेळी मी इथेच होते, तिकडे बारशी परस्पर उरकली. फोटो आले. म्हणजे सख्खी आत्या असून पाठीत एक धपाटा पडलेला नाही अजून. निखिलला हे काही सांगितलं नाही. बस म्हटलं, चहा ठेवते. आत जाऊन ओट्यापाशी थोडी उभी राहिले. खूप बरं वाटलं, लिहून ठेवते.

३ जाने. २०१०

नावांचा विचार. रेवा इंटरनेटवर यादी काढते आणि प्रत्येक नावाला नाक मुरडते. “कॅनेडियन्स विल बुचर दॅट.” विनोद म्हणतो, “मुलगा झाला तर?” माझं मन सांगतं मुलगी. एक नाव पक्कं झालंय. बोलायचं नाही कुणाशी.

११ जाने.

कम्युनिटीची व्याख्या डगकडे पाठवली. आमच्या नियमांपुरती सरळ आहे: एकाच पाणीयोजनेचं पाणी पिणारी वस्ती. घरं किती, माणसं कोण, काही संबंध नाही. पाणी एक असलं की कम्युनिटी एक. पाणी बिघडलं तर उकळून प्या अशी सूचना सगळ्यांना एकदमच द्यायची असते ना, म्हणून.

आजोबांना वाचून दाखवायला हवी होती. त्यांच्या गावात विहिरी दोन होत्या.

डगचं उत्तर एका ओळीत: “नाइस अँड क्लीन.”

१२ जाने.

मुलगी! दुपारी. दोघी ठीक. निखिल रडला, मग त्याने माझ्या हातात बाळ दिलं आणि पुन्हा रडला. नर्सने मला विचारलं, आजी का? राग आला. आत्या म्हटलं, तर तिला तो शब्द समजेना. आँट, वडिलांची बहीण. “ओ, लव्हली.”

१७ जाने.

रोज ऑफिसनंतर गौरीकडे. तेल लावायचं, आंघोळ घालायची, मग शेक. स्वयंपाकघरातलं सिंक घासून तिथेच घालते आंघोळ, पाय पसरून बसायला त्यांच्या बाथटबात जागाच नाही. पोर पाण्यात अगदी शांत असते. कोपर बुडवून पाणी बघायचं, एवढीच काय ती विद्या. अळीव मी टोरोंटोहून मागवले, डिंक जुना होता पण चालला.

आज ओव्याची धुरी दिली आणि स्मोक अलार्म कोकलायला लागला. शेजारची कॅरल, सत्तरीची, पायात घरातल्या सपाता, धावत आली. काय जळतंय? बाळंतीण, म्हटलं. तिने टॉवेल घेऊन अलार्मखाली वारा घालायला सुरुवात केली, मी खिडकी उघडली, उणे तीस आत आलं, लगेच लावली. अलार्म थांबल्यावर कॅरल सोफ्यावर बसली आणि म्हणाली, “इट टेक्स अ कम्युनिटी.” दोन तासांनी मॅकरोनीचं भांडं आणून दिलं. गौरीने त्यावर तूप घालून खाल्लं.

२४ जाने.

ओली बाळंतीण आणि एकटी, रडते अधूनमधून. मी काही समजावत वगैरे नाही. शेपूची भाजी पुढे ठेवते. आज म्हणाली, “ताई, तू नसतीस तर?” ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी आली कळलंच नाही.

२ फेब्रु.

गौरीच्या सा.बां.चा व्हिसा आला. शनिवारी येतायत. गौरी खूश, आणि नाहीही. आंघोळ झाल्यावर मला दारापर्यंत सोडायला आली. बूट घालत होते तेव्हा खाली बघत बोलली.

“ताई, आईंसमोर ना... तो विषय नको काढूस. म्हणजे त्या वाईट नाहीत. जुन्या आहेत.”

“कुठला विषय?” मला कळलं होतं. तिच्याकडून ऐकायचं होतं.

“तेच. कम्युनिटी वगैरे.”

“त्यांनीच विचारलं तर?”

“तर नागपूरचे आम्ही, एवढंच सांग ना. खोटं थोडंच आहे?”

खोटं नाही खरंच. बुटाची चेन अडकली होती, ती लावली आणि निघाले. हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही, तेवढं मात्र सलतंय.

६ फेब्रु.

सा.बा. आल्या. विमानतळावर आम्ही दोघंही गेलो होतो. छान आहेत. हे मला लिहावंच लागेल, त्या छान आहेत. पोस्टातून रिटायर. वेखंड, जायफळ, बाळगुटीचं सगळं सामान, जुन्या साड्यांची गोधडी. सुटकेसवर स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात, पोस्टाच्या सवयीने. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “सुजाताताई, तुम्ही माझ्या सुनेला आईच्या जागी झालात.” मी काकू म्हणते त्यांना. विनोदला त्यांनी परस्पर दोन लाडू दिले. तो तर विरघळलाच.

९ फेब्रु.

विचारलं.

चहा झाला होता. बाळ झोपलेलं, गौरी आंघोळीला गेलेली. काकूंनी गोधडीची घडी घालता घालता, अगदी आदबीने: “तुमची कम्युनिटी कोणती हो?”

इंग्रजीत विचारलं. मराठी शब्द उद्धट वाटला असणार. इंग्रजीत विचारलं की चपला दाराशी काढून आत आल्यासारखं होतं.

नागपूर तोंडापर्यंत आलं होतं. पण माझ्या घरात, माझ्या आईवडिलांनी, हा प्रश्न आला की एकाच शब्दात उत्तर दिलंय. आवाज न चढवता, न उतरवता. म्हटलं, “बौद्ध.”

“अगबाई. हो का.” घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. “आमच्या पोस्टात होत्या एक. फार स्वच्छ.”

मी कप विसळून ठेवले आणि घरी आले.

१० फेब्रु.

डगची शंका: एकाच नळाचं पाणी, पण दोन वेगळी गावं असतील, तर कम्युनिटी एक की दोन? उत्तर दिलं, पाण्यापुरती एक.

११ फेब्रु.

गेले तर बाळाची आंघोळ झालेली. केस अजून ओले. काकू हसून म्हणाल्या, “मीच घातली. तुम्हाला रोज एवढ्या थंडीत त्रास कशाला?” त्रास हा शब्द एवढ्या मायेने कोणी वापरत असेल असं वाटलं नव्हतं. बाळाचं अंग लालबुंद, पाणी कढत झालं असावं. घरात सासू असताना परक्या बाईने पाण्याबद्दल बोलू नये.

१७ फेब्रु.

गौरीचा फोन. आधी हवामान. मग बारसं २८ला सकाळी, कॉन्डोच्या पार्टीरूममध्ये. दुपारी ऑलिंपिकच्या आइस हॉकीची फायनल, नंतर कोणी येणार नाही. मग, “ताई, आई म्हणतायत की निखिलची चुलतबहीण आहे ना, तिचा मान असतो. तर ती स्काइपवरून... नाव पण गुरुजींनी प अक्षर काढलंय.”

“बरं.”

“तू रागावलीस.”

“बरं म्हटलं ना.”

“तू समजून घे ना. त्या महिन्याभराने जातील. मग आपण आहोतच.”

समजून घ्यायचं काम नेहमी आमच्याकडेच कसं येतं, कोण जाणे. ते वाटपच कुणीतरी आधी करून ठेवलंय.

२० फेब्रु.

मला राग आला आहे. तीन दिवस झाले तरी ओसरत नाही. त्या म्हातारीचा नाही एवढा. गौरीचा.

२१ फेब्रु.

जेवताना विषय निघाला. विनोद म्हणाला, “कायले जाऊन राहिली तू तिथं? गरज काय आपल्याले?” घास तसाच हातात. तो चिडला की त्याची भाषा वर्ध्याला जाते. मग म्हणाला, “तीस वर्षं झाली, प्रश्न तोच. फक्त इंग्रजीत आला.”

रेवाला नीट माहीत नव्हतं. सांगितलं. “सो दे डिसइन्व्हाइटेड यू?” नाही, बोलावलंय. पाहुणी म्हणून. “दॅट्स वर्स.” थोड्या वेळाने, “व्हॉट्स अवर कम्युनिटी, एनीवे? वी लिव्ह ऑन अ क्रेसेंट.” (आमच्या वळणाच्या रस्त्याच्या नावात क्रेसेंट आहे.) विनोदने तिच्याकडे पाहिलं आणि मग दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं, बेसमेंटमध्ये. मी वर आवरत होते. तिचे प्रश्न इंग्रजीत, त्याची उत्तरं मराठीत. बरेच प्रश्न होते.

२६ फेब्रु.

जाणार नाही, असं काल ठरवलं. आज दुकानात बाळाची टोपी दिसली, विणलेली, पिवळी. घेतली. जाणार नाही म्हणजे टोपी पाठवू नये असं नाही.

आमच्याकडेही बारसं होतं. आधी वंदना, त्रिशरण-पंचशील, मग पाळणा. आत्या तिकडेही पाठ शेकून घेतेच. त्यात कुठे फरक नाही.

२८ फेब्रु.

गेले. विनोद आणि रेवा आले नाहीत. मी का गेले, तर बाळासाठी, असं गाडीत स्वतःला सांगितलं. बाळाला काय कळतंय. मला बघायची होती ती.

पाच-सहा मराठी घरं, आणि कॅरल, निळा ब्लाउज घालून. दुकानातला पाळणा हलत नाही, म्हणून निखिलने कपड्यांच्या मोठ्या टोपलीला साडी बांधून आणि दोन टोकांना दोर लावून पाळणा केलेला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. काकूंना पाळणा तोंडपाठ, आवाज पण गोड आहे.

मग स्काइप लागेना. निखिलला घाम. काकू म्हणाल्या, “सुजाताताई इंजिनिअर आहेत ना, बघा हो जरा.” बघितलं. वायर सैल होती, बाकी काही नाही. लागला. पुण्यात रात्र, ती चुलतबहीण नटून बसलेली. लॅपटॉप बाळाच्या कानाशी कुणीतरी धरायला हवा होता. मी जवळ उभी, माझ्याच हातात होता.

तर मी धरला. पाळण्याशी वाकले. माझ्या हातातून दुसरीचा आवाज आला, पूर्वा, पूर्वा, कुर्र्र्र. आवाजाने पोर दचकली, मग माझ्याकडे बघायला लागली. मी ठरवलेलं नाव मनातही उच्चारलं नाही. ते आता कुठेच वापरता यायचं नाही.

कुर्र झाल्यावर बायका सवयीने पुढे झाल्या, हात उचललेले. आणि तिथेच थांबल्या. आत्या पुण्यात. पाठ नाही. कॅरलला गौरीने आधी सगळं समजावून ठेवलं होतं, ती हात वर करून गोंधळून म्हणाली, “सो हू डू वी हिट?”

सगळ्या हसल्या. मग कुणी हसेना. मी अजून वाकलेली.

पहिला धपाटा गौरीचा. ओळखू आला, रडत मारत होती. मग बाकीच्यांचे पडले, कॅरलचा हलका, सॉरी म्हणत. मी हललेच नाही, लॅपटॉप पाळण्यात पडला असता. आणि सगळ्यांच्या शेवटी एक बसला, दोन खांद्यांच्या मधोमध, असा की दात वाजले. मागे वळून पाहिलं नाही. सरळ झाले तेव्हा सगळ्या जेवणाच्या टेबलाकडे निघालेल्या होत्या.

लॅपटॉपमधून चुलतबहीण विचारत होती, झालं का? झालं, म्हटलं.

जेवले नाही. टोपी गौरीच्या हातात दिली. घरी आले तर विनोद-रेवा हॉकी बघत होते. कॅनडा जिंकली. रस्त्यावर सगळे गाड्यांचे हॉर्न वाजवत होते, रेवा अंगणात जाऊन ओरडून आली. विनोदने विचारलं, कसं झालं? म्हटलं, नाव पूर्वा ठेवलं. पाठीला मलम लावून दे म्हटलं. त्याने लावलं.

२ मार्च

संध्याकाळी फोन वाजला. गौरीचा नंबर. उचलावा की नाही करत उचलला. काकू होत्या. त्या इथला फोन स्वतःहून कधी करत नाहीत, बटणं कळत नाहीत म्हणतात.

“सुजाताताई, पाठीला लागलं का हो? शेवटचा माझा होता.”

“लागलं.”

“जरा जोरातच बसला.”

“हो.”

वाटलं, आता पुढे काहीतरी येईल. काही आलं नाही. ‘या’ असंही म्हणाल्या नाहीत. मागे पूर्वा रडत होती. नळ चालू असल्याचा आवाज येत होता.

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.